चौदा वर्षांनंतर दारावर थाप

व्यवस्थापन शिकवणाऱ्या वर्गांत एक हातोडा हमखास येतो. 1985 साल, चीनच्या किनाऱ्यावरचं छिंगदाओ शहर, फ्रीज बनवणारा एक डबघाईला आलेला कारखाना. ग्राहकाची तक्रार आली म्हणून नवे संचालक झांग रुईमिन गोदामात जाऊन पाहतात, तर 76 फ्रीज सदोष निघतात. त्या काळच्या चीनमध्ये फ्रीज ही भारी महागडी वस्तू. दुरुस्त करून कामगारांनाच स्वस्तात विकू, असं लोक म्हणत होते. झांग यांनी सगळे फ्रीज बाहेर मांडले, ज्यांनी ते बनवले त्यांच्याच हातात हातोडे दिले आणि फोडायला लावले. पहिला घाव स्वतः घातला. याच कारखान्याचं पुढे हायर झालं आणि पुण्याजवळ रांजणगावला त्याची शाखा आली. तो हातोडा आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे.

गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून उठणारा विद्यार्थी मनात एक समजूत घेऊन उठतो: कंपनीची नीतिमत्ता मालकाच्या मनगटात असते. जपानबद्दल आपण याचीच दुसरी आवृत्ती बोलतो. तिथे म्हणे शिस्त रक्तात असते, चूक झाली की साहेब कमरेत वाकून माफी मागतो. आणि तैवानचा विषय निघाला की चिकाटी, काटकसर, शिक्षणाची ओढ. तिन्ही देशांना आपण संस्कारांच्या एकाच वर्गात बसवतो, वर कन्फ्यूशियसचा फोटो लावतो आणि सुटतो.

मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण दूध आहे. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर. तिच्याइतकी कंपनीची परीक्षा घेणारी दुसरी वस्तू नाही. ती घेणारा तक्रार करू शकत नाही, चव सांगू शकत नाही, दुकान बदलू शकत नाही. या एका वस्तूपायी जपानमध्ये 1955 साली आणि चीनमध्ये 2008 साली जे घडलं, ते शेजारी ठेवून पाहिलं की संस्कारांच्या गप्पा गळून पडतात.

ओकायामा हे नाव पुणेकरांना परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे मुळात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते रचलेलं आहे. आखीव हिरवळ, संथ पाणी, पुलावर फोटो काढणारी नवविवाहित जोडपी. त्याच ओकायामात 1955 च्या उन्हाळ्यात दवाखाने बाळांनी भरून गेले. ताप, जुलाब, फुगलेलं पोट, काळवंडत चाललेली कातडी. आधी नवाच कुठला संसर्ग असेल असं वाटलं. मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं की अंगावरचं दूध पिणारी बाळं ठीक आहेत आणि आजारी बाळांच्या घरी एकाच कंपनीचा डबा आहे. 24 ऑगस्टला ओकायामा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ हामामोतो एइजी यांनी जाहीर केलं: मोरिनागाच्या पावडरीत आर्सेनिक आहे.

डबे कंपनीच्या तोकुशिमा इथल्या कारखान्यातून आले होते. दूध साठवणीत नासू नये, पाण्यात नीट विरघळावं म्हणून त्यात फॉस्फेटचा क्षार घालत. कारखान्याने वापरलेला क्षार औषधी दर्जाचा नव्हता. ॲल्युमिनियमच्या उद्योगातून उरलेल्या मालापासून तो काढलेला होता आणि वापरण्यापूर्वी कोणी तपासला नव्हता. या प्रकरणातला सर्वांत बोचरा तपशील पुढे आहे. हाच माल त्याआधी जपानी रेल्वेच्या सेंदाई विभागाकडे गेला होता, इंजिनांच्या बॉयलरसाठी. रेल्वेने तपासला, आर्सेनिक सापडलं, माल परत केला. बॉयलरला जो चालला नाही तो बाळांच्या पोटात गेला. सरकारी नोंदीप्रमाणे बाधित बाळं बारा हजारांवर, मृत्यू 130.

पण मला बोलायचं आहे ते विषबाधेनंतरच्या काळाबद्दल, कारण आपल्या कल्पनेतला जपान इथे भेटत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या सांगण्यावरून पाच नामवंतांची एक समिती बसली. तिने निवाडा दिला की आजाराचे मागे राहणारे परिणाम जवळपास नाहीत, आणि भरपाईचा आकडा ठरवला: मृत बाळामागे अडीच लाख येन, आजारी बाळामागे दहा हजार. दुसऱ्या तज्ज्ञ मंडळींनी बरं होण्याचे निकष घालून दिले. 1956 मध्ये मुलांची तपासणी झाली, बहुतेक सगळी बरी ठरली. ज्यांची मुलं रांगत नव्हती, बोलत नव्हती, त्या आईबापांना सांगण्यात आलं की हे जन्मतःच असणार. पालकांची देशव्यापी संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. सरकार, कंपनी, वैद्यक, सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी. वर्तमानपत्रं स्वतंत्र होती, न्यायालयं होती, निवडणुका होत होत्या, आणि तरीही चौदा वर्षं जपानने हा विषय पुसून टाकला. देशाची भरभराट चालू होती, मोरिनागाची टॉफी खपत होती.

पहिल्या फेरीत जपान हरला. हे स्पष्ट म्हटलं पाहिजे, कारण त्याशिवाय दुसऱ्या फेरीची किंमत कळत नाही.

दुसरी फेरी सुरू झाली ती अगदी खालून. ओकायामातल्या मूठभर पालकांनी आपली छोटी संघटना मोडली नव्हती; ते भेटत राहिले. तिकडे ओसाकाजवळच्या एका शाळेत, अपंग मुलांच्या शाळेत, आरोग्य बघणाऱ्या शिक्षिकेला एका आईच्या बोलण्यातून मोरिनागाचा धागा सापडला. जपानी शाळांमध्ये मुलांचं आरोग्य पाहणाऱ्या खास शिक्षिका असतात आणि गावोगावी घरभेटी देणाऱ्या आरोग्यसेविका. आपल्याकडच्या आशाताईंसारखं हे पद; वर्तमानपत्रात कधी फोटो न येणारं. ओसाका विद्यापीठातले प्राध्यापक मारुयामा हिरोशी यांनी अशा शिक्षिका आणि सेविकांना हाताशी धरलं, जुन्या याद्या मिळवल्या आणि एकेका घराचं दार वाजवलं. मुलं आता चौदा-पंधरा वर्षांची झाली होती. 68 घरांच्या या भेटींत बहुतेक मुलांमध्ये काही ना काही बिघाड आढळला. 1969 च्या ऑक्टोबरात हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचं नावच होतं ‘चौदाव्या वर्षाची भेट’. सार्वजनिक आरोग्याच्या ज्या परिषदेत तो मांडला गेला, ती भरली होती ओकायामात.

मग न्यायालय. ओसाकाच्या दाव्यात पीडितांच्या वकिलांचं नेतृत्व नाकाबो कोहेई यांच्याकडे आलं. ते मोठ्या कंपन्यांची कामं करणारे, बऱ्यापैकी जम बसलेले वकील. हे प्रकरण घेतलं तर डाव्यांचा माणूस म्हणून शिक्का बसेल, अशी भीती त्यांना वाटत होती. वडिलांशी बोलायला गेले तर वडिलांनीच खडसावलं. ते घरोघर फिरले तेव्हा त्यांना कंपनीवर संतापलेल्या आया भेटतील अशी अपेक्षा होती. भेटल्या त्या स्वतःला दोष देणाऱ्या आया. बाळ तोंड फिरवत होतं, तरी मी जबरदस्तीने पाजलं, हे अठरा वर्षं उराशी धरून बसलेल्या. (हेच नाकाबो पुढे कर्जवसुलीच्या सरकारी संस्थेचे प्रमुख म्हणून देशभर गाजले आणि शेवटी त्याच कामातल्या गैरप्रकारामुळे त्यांना वकिली सोडावी लागली. माणसं अशीच असतात. त्यांचे पुतळे न केलेले बरे.)

1973 च्या नोव्हेंबरात तोकुशिमाच्या न्यायालयाने कारखान्याच्या उत्पादन विभागप्रमुखाला तुरुंगवास ठोठावला. याच न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी सगळ्यांना निर्दोष सोडलं होतं. डिसेंबरात कंपनी, आरोग्य मंत्रालय आणि पालक यांच्यात लेखी करार झाला. पुढच्या वर्षी हिकारी संस्था उभी राहिली, तिचा खर्च कंपनीने उचलायचा, पीडित हयात असेपर्यंत. हिकारी म्हणजे प्रकाश.

हे सगळं ‘जपानी संस्कृती’ने केलं असं कोणी म्हणत असेल, तर पहिली चौदा वर्षंही त्याच संस्कृतीच्या खात्यावर मांडायला हवीत. वरिष्ठांपुढे मान तुकवणं, चारचौघांत बभ्रा न करणं, तज्ज्ञाचा शब्द शेवटचा मानणं: हेही संस्कारच. आणि शिस्त म्हणाल तर ती साठवून ठेवता येत नाही. 1955 सालीच स्नो ब्रँड या दुसऱ्या दूधकंपनीच्या पावडरीमुळे टोकियोतली शाळकरी मुलं आजारी पडली होती. त्या वेळच्या अध्यक्षांनी कामगारांना उद्देशून दर्जाबद्दल एक निवेदन काढलं, ते नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडत असे. पुढे ती प्रथा सुटली. 2000 साली होक्काइदोमधल्या याच कंपनीच्या कारखान्यात वीज गेली, दूध कोमट राहिलं, जिवाणूंचं विष पावडरीत उतरलं आणि ओसाका परिसरात तेरा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. पत्रकारांनी गराडा घातला तेव्हा अध्यक्ष वैतागून म्हणाले की मलाही झोप मिळालेली नाही. कमरेत वाकून मागितलेली माफी जपानी माणसाला चांगली ठाऊक असते आणि तिची किंमतही.

आता दुसरं शहर. चीनमधलं शिजियाझुआंग. हेही मराठी माणसाच्या ओळखीचं, कारण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत विसावले आहेत. 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या या डॉक्टरचा पुतळा तिथे आहे, लोक फुलं वाहतात. परक्या देशातल्या जखमींसाठी देह झिजवणाऱ्या वैद्याचं स्मारक ज्या शहरात, त्याच शहरात सानलू या दूधकंपनीचं मुख्यालय होतं.

सानलू म्हणजे सामान्य चिनी घरातला डबा, परवडणारा. तिचं दूध हजारो छोट्या पशुपालकांकडून, मधल्या संकलन केंद्रांमार्फत येई. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी दिसतात. पण तपासणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करतात. मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या ताटल्यांत वापरलं जाणारं रसायन, वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन. चिमूटभर टाकलं की पाणचट दूध कागदावर कसदार होतं. बाळाच्या मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावल्याचं सरकारने मान्य केलं.

तक्रारी 2007 च्या अखेरीपासून येत होत्या. 2008 च्या 2 ऑगस्टला कंपनीने नगर प्रशासनाला कळवलं. 43 टक्के भागीदार असलेल्या न्यूझीलंडच्या फोंटेरालाही त्याच दिवशी कळलं. 8 ऑगस्टला बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. माध्यमांवर लक्ष ठेवा, अशी विनंती कंपनीने प्रशासनाला केली होती, हे पुढे सरकारी वर्तमानपत्रातच छापून आलं. नगर प्रशासन गप्प राहिलं. अखेर न्यूझीलंडच्या सरकारने बीजिंगला थेट कळवलं तेव्हा सूत्रं हलली. चिनी वर्तमानपत्रं लिहीत होती, पण कशी? ‘एका कंपनीची पावडर’. 11 सप्टेंबरला शांघायच्या एका दैनिकात जियान ग्वांगझोऊ या बातमीदाराने सानलूचं नाव छापलं. एक नाव छापायला लागलेलं धाडस मोजायचं तर एवढंच सांगतो की बाकीच्यांनी ते छापलं नव्हतं. 2012 मध्ये जियान पत्रकारिता सोडून गेले.

सानलूकडे देशाच्या दर्जा-नियंत्रण खात्याचा एक मानाचा दाखला होता: ‘तपासणीतून मुक्त’. म्हणजे ही कंपनी इतकी चांगली की हिचा माल सरकारने तपासायची गरज नाही. घोटाळा बाहेर आल्यावर आठवड्याभरात ही पद्धतच रद्द झाली. हे वाचून चीनला हसण्याची घाई नको. जपानमध्ये 2015 पासून आरोग्याला उपकारक असल्याचा दावा करणारे खाद्यपदार्थ कंपनीने नुसतं कळवलं की बाजारात येतात, सरकार स्वतः पारखत नाही. 2024 मध्ये कोबायाशी फार्मास्युटिकलच्या लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्यांनी लोकांची मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांकडून कंपनीला जानेवारीच्या मध्याला समजलं होतं. लोकांना सांगितलं 22 मार्चला. साठ-सत्तर वर्षांत एवढाच फरक पडला की लपवाछपवी दोन महिन्यांत उघडी पडली, अध्यक्षांना जावं लागलं आणि नियम कडक झाले.

सानलूनंतर चीनने शिक्षा दिल्या, त्या जपानच्या मानाने कितीतरी कडक. मेलामाइन बनवणाऱ्या-मिसळणाऱ्या दोघांना मृत्युदंड झाला, कंपनीच्या अध्यक्ष तियान वेनहुआ यांना जन्मठेप. कंपनीतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवही त्याच होत्या. कंपनी दिवाळखोरीत निघाली. अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला, नंतर आणखी कडक झाला. इथे आपल्याकडचे पुष्कळ लोक म्हणतात, बघा, याला म्हणतात राज्य! भेसळ करणाऱ्याला फाशी! आपल्याकडे खटला वीस वर्षं चालला असता.

मी या युक्तिवादाला कमी लेखत नाही. भेसळीच्या खटल्यांच्या तारखा मोजत बसलेल्या समाजाला तो भुरळ घालणारच. पण झाओ लिआनहाय या माणसाचं काय झालं ते पाहा. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या दुधाने आजारी पडला होता. त्यांनी संकेतस्थळ काढलं, पालकांना एकत्र केलं, कुठल्या मुलाला काय त्रास आहे याची नोंद ठेवायला सुरुवात केली, पुढच्या उपचारांची आणि नीट भरपाईची मागणी केली. ओकायामाच्या पालकांनी केलं तेच, तंतोतंत. 2010 च्या नोव्हेंबरात त्यांना सार्वजनिक शांतता बिघडवल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा झाली. पुढे वैद्यकीय कारणावरून बाहेर सोडलं. पालकांसाठी पुढे आलेल्या वकिलांवर माघार घेण्यासाठी दबाव आला. भरपाई ठरली ती वरून: साध्या आजाराला दोन हजार युआन, गंभीर आजाराला तीस हजार, मृत्यूला दोन लाख. घ्या आणि गप्प बसा.

1955 च्या जपानी समितीचा दरफलक आणि हा दरफलक यांत मला फारसा फरक दिसत नाही. पहिली फेरी दोन्हीकडे सारखीच झाली: लपवणं, तज्ज्ञांची ढाल, ठरीव रक्कम, मुलं बरी झाल्याची घोषणा. फरक आहे तो त्या दरफलकानंतर कोणाला बोलता आलं यात. चीनमध्ये माणसं कमी पडली नाहीत. लानझोऊच्या रुग्णालयात बाळांच्या आजाराचा धागा जुळवणारे डॉक्टर होते, नाव छापणारा बातमीदार होता, वकील होते, बाप होता. मारुयामा आणि नाकाबो यांच्या तोडीची माणसं तिथेही उभी राहिली आणि त्यांना एकेक करून खाली बसवलं गेलं. संस्कारांत काहीच उणं नव्हतं.

कडक शिक्षेने विश्वास परत येतो का, याचं उत्तर चिनी आईबापांनी पायांनी दिलं. ते हाँगकाँगला जाऊन परदेशी पावडरीचे डबे आणू लागले, इतके की हाँगकाँगच्या दुकानांत स्थानिकांना डबे मिळेनात. 1 मार्च 2013 पासून हाँगकाँगने नियम केला: सीमा ओलांडताना माणशी दोन डबे, 1.8 किलो. जास्त नेले तर दंड आणि कैदही. सानलूला पाच वर्षं होत आली होती, गुन्हेगार फासावर गेले होते. तरीही बापाच्या पिशवीत परदेशी डबा.

तैवानची गोष्ट दुधाची नाही, पाण्याची आहे. सुरुवातीला मात्र तिच्यातही दूध येतं. 1974 च्या फेब्रुवारीत तैपेईतल्या एका साध्या दुकानात सोयाबीनच्या दुधाची न्याहारी करताना सात जणांनी ठरवलं की देशाने चिप बनवायच्या. त्यांत आर्थिक व्यवहार खात्याचे मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतले अभियंते पान वेन-युआन होते. 1976 मध्ये सरकारी संशोधन संस्थेने आरसीएकडून तंत्रज्ञान घेतलं, तरुण अभियंत्यांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. त्या रोपाचा पुढे वृक्ष झाला, टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी. ही कथा आता सर्वांना पाठ झाली आहे. 2022 च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा ती मराठी वर्तमानपत्रांतही सांगून झाली. त्या महिन्याभराच्या आरडाओरड्यात रोजगार किती बुडाले, कोणी बुडवले, यावर मी रकानेच्या रकाने वाचले. चिपचा कारखाना पाणी किती पितो आणि कुठली द्रावणं मागे सोडतो, याबद्दल माझ्या तरी वाचनात काही आलं नाही.

ते यायला हवं होतं, कारण याच आरसीएचा दुसरा वारसा तैवानमधल्या ताओयुआनच्या जमिनीत आहे. तिथल्या तिच्या कारखान्यात 1970 पासून दूरचित्रवाणी संचांचे सुटे भाग बनत. कामगार बहुतेक मुली, गावाकडून आलेल्या, कारखान्याच्याच वसतिगृहात राहणाऱ्या. भाग पुसायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावणं वापरत आणि वापरून झाली की जमिनीत ओतत. विहिरींचं पाणी वसतिगृहात प्यायला, अंघोळीला. साहेब लोकांसाठी पाणी बाहेरून यायचं, असं कामगार बायकांनी पुढे सांगितलं. 1986 मध्ये आरसीए जनरल इलेक्ट्रिककडे गेली, दोन वर्षांत कारखाना फ्रान्सच्या थॉमसनला विकला गेला, 1992 मध्ये बंद पडला. दोन वर्षांनी एका लोकप्रतिनिधीने भूजलाचं बिंग फोडलं. तोवर त्या मुली चाळिशीत आल्या होत्या आणि एकमेकींच्या कर्करोगाच्या बातम्या ऐकत होत्या.

इथेही पहिली फेरी ठरलेली. कंपनी गेली, पैसा परदेशी गेला, कोणत्या रसायनाने कोणाला कोणता रोग झाला ते सिद्ध करा म्हणाले. 1998 मध्ये बायकांनी संघटना बांधली, 2004 मध्ये दावा दाखल झाला. स्वयंसेवक एकेकीची जबानी लिहून घेत होते, शास्त्रज्ञ फुकट साक्ष देत होते. 2015 मध्ये तैपेईच्या जिल्हा न्यायालयाने 56 कोटी तैवानी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली आणि आरसीएच्या बुरख्याआडच्या बड्या मालकांनाही जबाबदार धरलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 262 जणांच्या भरपाईवर शिक्कामोर्तब केलं. उरलेल्यांचं प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. अनेक जणी निकालाआधीच गेल्या होत्या.

या दाव्याचं बी कधी पडलं, याचा विचार करताना मला 1987 हे वर्ष दिसतं. फेब्रुवारीत टीएसएमसीची स्थापना झाली. मार्चमध्ये लुकांग या जुन्या देवळांच्या गावातल्या लोकांच्या विरोधापुढे अमेरिकेच्या ड्यूपाँने तिथला रसायन प्रकल्प सोडून दिला. जुलैत 38 वर्षांचा लष्करी कायदा उठला. जगाला यातली पहिली घटना माहीत आहे. तैवानी माणसाला तिन्ही माहीत आहेत, आणि माझ्या मते ताओयुआनच्या कामगार बायकांना न्यायालयापर्यंत नेणारी वाट दुसऱ्या-तिसऱ्या घटनेतून निघते.

तैवानी कंपनी म्हणून तिच्यात काही वेगळं रसायन असतं असं मात्र नाही. फोर्मोसा प्लॅस्टिक्स ही त्यांची एक अवाढव्य कंपनी. तिच्या व्हिएतनाममधल्या हा तिन्ह इथल्या पोलाद कारखान्याने 2016 मध्ये समुद्रात विष सोडलं, किनाऱ्यावर दोनशेहून अधिक किलोमीटर मेलेल्या माशांचा खच पडला. कंपनीने तिथल्या सरकारला 50 कोटी अमेरिकी डॉलर देऊन टाकले. कोळ्यांच्या हाती काय पडलं हे विचारणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या व्हिएतनामी लोकांना तुरुंगवास झाला. शेवटी 2019 मध्ये सात हजारांहून अधिक व्हिएतनामी माणसांनी दावा लावला तो तैपेईत, कंपनीच्या माहेरी. तो अधिकारक्षेत्राच्या आणि मुखत्यारपत्रांच्या वादात अडकला, हेही खरं. पण आपल्या देशात जे दार नव्हतं ते शोधत ही माणसं समुद्र ओलांडून आली.

म्हणून हातोड्याची गोष्ट मला पुरी पडत नाही. झांग रुईमिन यांनी 76 फ्रीज फोडले, कारण त्यांना ते फोडावेसे वाटले. उद्या दुसऱ्या संचालकाला वाटलं नाही तर? स्नो ब्रँडच्या अध्यक्षांचं निवेदन जसं विरून गेलं, तसा तो हातोडाही विरेल. संग्रहालयात जाणं हा विरण्याचाच एक प्रकार. मोरिनागाला जे करावं लागलं ते तिच्या कुठल्या अध्यक्षाला वाटलं म्हणून झालं नाही. ते करायला लावणारी माणसं कंपनीच्या पगारावर नव्हती, आणि ती दार वाजवत फिरत असताना त्यांना कोणी अडवलं नाही. जपानी राज्यसंस्थेने या प्रकरणात केलेलं सर्वांत मोठं काम कदाचित एवढंच, न अडवण्याचं. ऐकायला फार किरकोळ वाटतं. शिजियाझुआंगमध्ये तेवढंच मिळालं नाही.

2008 च्या बाळांचं चौदावं वर्ष 2022 साली येऊन गेलं.

ओकायामाची, तोकुशिमाची, ओसाकाची बाळं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. ज्या आया स्वतःला दोष देत होत्या त्यांतल्या बहुतेक राहिल्या नसणार. हिकारी संस्था अजून चालते, मोरिनागा अजून पैसे भरते. आरंभी प्रश्न होता या मुलांच्या शाळेचा, मग नोकरीचा, मग लग्नाचा. आता संस्थेपुढची कामं म्हाताऱ्यांची आहेत: दात, गुडघे, अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, आणि आईबाप गेल्यावर एकट्या उरलेल्या माणसाने कोणाबरोबर राहायचं. कार्यकर्ते घरी जातात, दार वाजवतात, तब्येत विचारतात, नोंद करून घेतात.